रात्रपाळीचं आकाश : वाचकांचे प्रश्न, माझी उत्तरं

एकतीस वर्षं मी खानदेशात ३३ केव्हीच्या (तेहतीस हजार व्होल्टच्या) वीज उपकेंद्रात ऑपरेटर होतो. त्यातली निम्म्याहून जास्त रात्रपाळीत गेली. दर तासाला यार्डात जायचं, व्होल्टेज, अँपिअर, ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचं तापमान बघायचं आणि लॉगशीटवर मांडायचं. बाहेर पडलं की मान आपोआप वर जायची. भारनियमनाच्या दिवसांत एकेक फीडर (उपकेंद्रातून गावांकडे वीज नेणारी लाईन) बंद झाला की सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीपर्यंत अंधार पसरायचा आणि आकाशगंगा दुधाच्या ओघळासारखी दिसायची. जे दिसलं ते मी लॉगशीटच्या समासात लिहून ठेवायचो. हे सदर त्या समासातूनच सुरू झालं.

पत्रं भरपूर आली आहेत. एक विनंती आधीच करतो. ‘परवा रात्री आकाशात काहीतरी दिसलं, ते काय?’ एवढंच लिहिलंत तर मला उत्तर देता येत नाही. किती वाजता दिसलं, कोणत्या दिशेला, किती वेळ, आणि ते सरकत होतं की जागच्या जागी होतं, हे लिहा. निम्मं उत्तर त्यातच असतं.

प्रश्न : काका, २०२४ च्या आखाजीला मी माहेरी होते. झोक्यावरची गाणी आटोपून रात्री साडेदहा-अकराला आम्ही धाब्यावर (घराच्या मातीच्या गच्चीवर) झोपायला गेलो. उत्तरेला सातपुड्याच्या वर लालसर उजेड होता. कडेशी गडद, वर फिका. पहाटे जाग आली तेव्हाही तिथेच होता. दोन दिवसांनी लडाखच्या लाल आकाशाचे फोटो मोबाईलवर आले. आम्ही पाहिलं ते तेच का? (वाचक भगिनी, चोपडा तालुका)

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण वेळ तंतोतंत जुळते. १० मे २०२४, अक्षय्य तृतीया. आपल्याकडे झोके बांधलेले होते आणि तिकडे सूर्यावर सौरडागांचा एक अवाढव्य पुंजका पृथ्वीकडे तोंड करून होता. त्याला १३६६४ असा क्रमांक दिलेला होता. त्यातून काही दिवसांत एकामागून एक द्रव्याचे लोट सुटले. मागचे लोट पुढच्यांना गाठत आले, आणि आपल्या घड्याळात रात्रीचे साडेदहा वाजून गेल्यावर हा सगळा लोंढा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर आदळला. भूचुंबकीय वादळांची जी१ ते जी५ अशी प्रतवारी करतात. हे वादळ जी५ होतं, म्हणजे सगळ्यात वरच्या पायरीचं. त्याआधीचं तेवढं मोठं वादळ ऑक्टोबर २००३ मधलं.

त्या रात्री लडाखमधल्या हानलेच्या वेधशाळेतून लाल अरोरा, म्हणजे ध्रुवीय प्रकाश, खरोखर टिपला गेला. हा लाल रंग ऑक्सिजनचा. जमिनीपासून दोनशे किलोमीटरच्या वर हवा अतिशय विरळ असते. तिथले ऑक्सिजनचे अणू सूर्यावरून आलेल्या गडबडीने डिवचले जातात आणि लाल प्रकाश सोडतात. त्याच्या खाली, शंभर-दीडशे किलोमीटरवर, तोच ऑक्सिजन हिरवा उजळतो. हिरवा पट्टा खाली असल्यामुळे लांबून क्षितिजाआड जातो. वरचा लाल तेवढा डोकावतो.

पण तुम्ही पाहिलात तो उजेड अरोरा नव्हता. हानले साडेचार हजार मीटर उंचीवर आहे, आणि तिथूनही तो उत्तर क्षितिजालगतच दिसला. चोपडा हानलेपासून सुमारे तेराशे किलोमीटर दक्षिणेला आहे. पृथ्वी गोल असल्यामुळे तो प्रकाश आपल्या क्षितिजाच्या पार खाली राहिला. शिवाय अरोरा एका जागी रात्रभर बसून राहत नाही, चढतो, विझतो, सरकतो. तुमचा उजेड पहाटेपर्यंत तिथेच होता आणि कडेशी गडद होता. माझ्या मते तो सातपुड्यातला वणवा. मे महिन्यात डोंगर पेटला की धुरावर खालून आगीचा उजेड पडतो आणि लांबून नेमकं तुम्ही लिहिलंय तसंच दिसतं. मी असे वणवे कितीतरी रात्री पाहिले आहेत आणि दर वेळी जीव हळहळला आहे.

मात्र आपल्याकडून अरोरा कधी दिसणारच नाही, असं मी लिहिणार नाही. ४ फेब्रुवारी १८७२, रविवार. त्या रात्री मुंबईकरांनी अरोरा पाहिला आणि तो सोमवारच्या पहाटेपर्यंत दिसत होता, अशी बातमी तेव्हाच्या वर्तमानपत्रात छापून आली. मुंबई तर आपल्याही दक्षिणेला. मुंबई-एडन समुद्री तारेवरचे संदेशही काही तास विस्कळीत झाले होते. त्याआधी, सप्टेंबर १८५९ मध्ये, इतिहासातलं गाजलेलं सौरवादळ आलं, तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेत चुंबकीय क्षेत्राची मोजणी चालू होती. क्षेत्र १६०० नॅनोटेस्लाच्या (हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं माप) आसपास कोसळल्याची तिथली नोंद आज जगभरचे अभ्यासक वापरतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून ही मोजणी १९०४ मध्ये अलिबागला हलवली, कारण ट्रामच्या करंटने सुई हलली असती. विजेच्या खात्यातल्या माणसाला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं. एवढी नाजूक सुई, आणि ती जपण्यासाठी अख्खी मोजणी गाव सोडून गेली.

प्रश्न : ‘आज रात्री १२.३० ते ३.३० पृथ्वीजवळून कॉस्मिक किरणं जाणार, मोबाईल बंद करून लांब ठेवा’ असा मेसेज गावाच्या ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी येतो. खरं काय? (ग्रामपंचायत सदस्य, पारोळा तालुका)

खोटं आहे. कॉस्मिक किरणं वेळापत्रक बघून येत नाहीत. ती चोवीस तास येतच असतात. हवेच्या वरच्या थरांवर आदळून त्यांचे तुकडे होतात, त्यातले म्युऑन नावाचे कण जमिनीपर्यंत पोचतात. तुम्ही आत्ता तळहात आडवा धरलात तर साधारण दर सेकंदाला एक म्युऑन त्यातून आरपार जातोय. आपल्या आजा-पणजांच्या हातांतूनही जात होता. मोबाईल त्यांना बोलावत नाही आणि अडवतही नाही. हे उत्तर त्याच ग्रुपवर टाका आणि मेसेज पाठवणाऱ्याला चारचौघांत न दुखावता सांगा. बहुतेकांनी तो काळजीपोटीच पुढे ढकललेला असतो.

प्रश्न : दादा, २०२२ च्या गुढीपाडव्याला संध्याकाळी पेटते गोळे शेपट्यांसह आकाशातून गेले, ते मी केळीच्या बागेतून पाहिलं. आणि गेल्या महिन्यात पहाटे मोटार चालू करायला गेलो तेव्हा दिव्यांची सरळ माळ आवाज न करता सरकत होती. दोन्ही एकच का? (केळी उत्पादक, रावेर तालुका)

भाऊ, दोन्ही माणसाने वर पाठवलेल्याच वस्तू, पण एक पडत होती आणि दुसरी चढत होती.

पाडव्याची ती संध्याकाळ, २ एप्रिल २०२२. पावणेआठचा सुमार होता. मीही अंगणात होतो, गुढी उतरवून ठेवली होती आणि शेजारचा पोरगा ओरडला म्हणून वर पाहिलं. आधी एक ठिपका, मग त्याचे तुकडे, प्रत्येकाला पिवळसर-तांबडी शेपटी, आणि सगळे एकमेकांना समांतर, घाई नसल्यासारखे चाललेले. शेजारच्या म्हाताऱ्या माय म्हणाल्या, ‘तारा तुटला रे भो.’ मी मनात अंक मोजायला लागलो. तीसच्या पुढे गेलो तरी तो प्रकार चालूच होता, तेव्हा कळलं की ही उल्का नाही.

कसं कळलं ते सांगतो, कारण हा हिशेब तुम्हालाही कामाला येईल. उल्का सेकंदाला अकरापासून बहात्तर किलोमीटरपर्यंत वेगाने हवेत शिरते, म्हणून ती एक-दोन सेकंदांत संपते. फार मोठी असली तर पाच-सात सेकंद. पृथ्वीभोवती फिरणारी वस्तू मात्र सेकंदाला सात-आठ किलोमीटरने चालते आणि खूप तिरपी खाली येते. ती जळताना आकाश ओलांडायला मिनिटभर किंवा जास्तही घेते. त्या संध्याकाळी जळला तो चीनच्या चँग झेंग ३बी रॉकेटचा टप्पा. त्याचं सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावाजवळ पडलं. पुढे कधी तुमच्या शेतात असं काही पडलं तर हात लावू नका, पोरांना जवळ जाऊ देऊ नका. रॉकेटच्या टाक्यांत विषारी इंधनाचा अंश असू शकतो. पोलीस पाटलांना कळवा.

पहाटेची माळ म्हणजे स्टारलिंकचे उपग्रह. एका रॉकेटमधून डझनावारी सोडतात आणि पहिले काही दिवस ते एकामागे एक रांगेत असतात. नंतर विखुरतात, आणखी वर जातात आणि फिके पडतात. त्यांना स्वतःचा दिवा नसतो. आपल्याकडे अजून अंधार असतो पण तेवढ्या उंचीवर ऊन पोचलेलं असतं, ते त्यांच्यावर चमकतं. म्हणून माळ दिसते ती सूर्यास्तानंतर किंवा सूर्योदयाआधी.

या माळेचा आणि सूर्याचा एक किस्सा आहे. ३ फेब्रुवारी २०२२ ला असे ४९ उपग्रह सोडले. दुसऱ्याच दिवशी भूचुंबकीय वादळ आलं, तेही फार मोठं नव्हतं. पण वादळाने वरची हवा तापते आणि तापली की फुगते. उपग्रह अजून खालीच होते, त्यांना ती दाट झालेली हवा आडवी आली आणि जवळपास चाळीस उपग्रह परत खाली येऊन जळून गेले. चिखलात बैलगाडी रुतावी तसं झालं. अवकाशातल्या हवामानाचा अंदाज कशाला हवा, असं कुणी विचारलं की मी हेच सांगतो.

प्रश्न : मोबाईलच्या ॲपवर शेत मोजलं. सकाळी ४० गुंठे, संध्याकाळी ४३. सूर्याच्या वादळाने जीपीएस बिघडतं असं वाचलं. शेजाऱ्याशी बांधावरून वाद चालू आहे. कोणता आकडा धरू? (शेतकरी, अमळनेर तालुका)

दोन्ही धरू नका. वाद बांधाचा असेल तर भूमी अभिलेख खात्याची सरकारी मोजणी मागवा. मोबाईलचा आकडा घेऊन शेजाऱ्याच्या दारात जाऊ नका, ही कळकळीची विनंती.

आता तीन गुंठे कुठून आले ते बघू. एक एकराचं चौरस शेत धरलं तर बाजू साधारण ६३.६ मीटर. मोबाईलने लांबी आणि रुंदी तीन-तीन मीटरने जास्त दाखवली, तर क्षेत्रफळ जवळजवळ चार गुंठ्यांनी वाढतं. आणि तीन मीटरची चूक मोबाईलला रोजचीच आहे. झाडाखालून चाललात, मोबाईल खिशात ठेवलात, तरी होते.

सूर्याचाही हात असतो, पण तो रोज नसतो. जीपीएसचे उपग्रह वीस हजार किलोमीटर उंचीवर. त्यांचा संदेश खाली येताना विद्युतभारित हवेच्या थरातून, आयनांबरातून येतो आणि तिथे किंचित रेंगाळतो. पृथ्वीचं चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकावरून जातं. केरळातल्या थुंबाची जागा रॉकेट सोडायला निवडली ती त्याचमुळे, आणि १९६३ मध्ये तिथून पहिलं रॉकेट उडालं. दिवसा तिथले इलेक्ट्रॉन वर उचलले जातात आणि उत्तर-दक्षिणेला खाली उतरतात. त्या उतरणीच्या पट्ट्याजवळच आपला खानदेश येतो. सूर्य मावळल्यावर या थरात बुडबुडे उठतात आणि संदेश लुकलुकतो. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हे जास्त होतं, मध्यरात्रीनंतर शमतं. म्हणून ॲप वापरायचंच असेल तर सकाळी, मोकळ्या आकाशाखाली वापरा, आणि ते खत-बियाण्याच्या अंदाजापुरतं.

प्रश्न : आमच्या शिवारातली डीपी (मोटारींना वीज देणारा छोटा ट्रान्सफॉर्मर) एका हंगामात तीनदा जळाली. सौरवादळाने ट्रान्सफॉर्मर जळतात असं एका व्हिडिओत पाहिलं. आमचंही त्यामुळेच का? (शेतकरी गट, शिरपूर तालुका)

मंडळी, हा प्रश्न माझ्या धंद्यातला, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सौरवादळाने ट्रान्सफॉर्मर जळू शकतो हे खरं. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र हेलकावे खायला लागलं की जमिनीत हलका विद्युतदाब तयार होतो. शेकडो किलोमीटर लांब लाईन असेल तर तिच्या दोन टोकांत मोठा फरक पडतो, आणि अर्थिंग केलेल्या न्यूट्रलमधून ट्रान्सफॉर्मरमध्ये करंट शिरतो. हा करंट इतका सावकाश बदलतो की ट्रान्सफॉर्मरला तो डीसीच, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा, वाटतो. गाभा चुंबकाने तुडुंब भरतो, घुरघुर वाढते, तेल तापतं. १३ मार्च १९८९ ला कॅनडातल्या क्विबेक प्रांतातलं जाळं दीड मिनिटात कोसळलं आणि साठ लाख लोक नऊ तास अंधारात राहिले. क्विबेक चुंबकीय ध्रुवाच्या आपल्यापेक्षा खूप जवळ आहे आणि खाली कठीण खडक आहे. जमिनीत करंटला वाट मिळत नाही म्हणून तो लाईनमध्ये चढतो.

तुमची डीपी म्हणजे ११ केव्हीवरची ६३ किंवा १०० केव्हीएची. लाईन काही किलोमीटरची, आणि आपण ध्रुवापासून लांब. ३० ऑक्टोबर २००३ च्या मोठ्या वादळात स्वीडनमधल्या माल्मो शहराची वीज गेली होती. त्या रात्री मी ड्युटीवर होतो. वादळाची बातमी मला नंतर वाचायला मिळाली, तेव्हा मुद्दाम जुनी लॉगशीट काढून बघितली. तेलाचं तापमान, लोड, व्होल्टेज, सगळं आदल्या रात्रीसारखंच.

तेव्हा तुमच्या डीपीचं कारण जमिनीवर शोधा. मंजूर भारापेक्षा किती मोटारी जास्त चालतात? तारेवर टाकलेले चोरीचे आकडे किती आहेत? एका फेजवर सगळा भार आलाय का? फ्यूज उडाला की जाड तार बांधणारा कोण? तेलाची पातळी शेवटची कधी बघितली? आणि अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत पडतो का? मी अशा खड्ड्यांत बादल्या-बादल्या पाणी ओतलं आहे, अर्थिंग सुधारलेली डोळ्यांनी बघितली आहे. मात्र पेटीला, तारेला तुम्ही स्वतः हात लावू नका. लाईनमनला सोबत घ्या. या कामात माणसं गेलेली मी पाहिली आहेत.

प्रश्न : डिसेंबरात भरीत पार्टी शेतातच असते. त्या रात्री उल्कावर्षाव बघता येईल का? तोरणमाळला जावं लागेल का? (कॉलेजातली मित्रमंडळी, जळगाव)

येईल, आणि पार्टीची तारीख १३ किंवा १४ डिसेंबर ठेवा. तेव्हा मिथुन राशीतून येणारा जेमिनिड्सचा वर्षाव भरात असतो. ऑगस्टमधला पर्सिड्स जगात जास्त गाजतो, पण आपल्याकडे तो श्रावणाच्या ढगांत जातो. माझ्या मते खानदेशासाठी जेमिनिड्ससारखा दुसरा वर्षाव नाही. आकाश निरभ्र, थंडी कोरडी, आणि मिथुन रास संध्याकाळनंतर लवकरच उगवते, त्यामुळे पहाटेपर्यंत थांबावं लागत नाही. रात्री दहापासून संख्या वाढत जाते, दोनच्या सुमाराला मिथुन जवळजवळ डोक्यावर येते.

बहुतेक वर्षाव धूमकेतूंच्या धुळीचे असतात. हा मात्र ३२०० फेथॉन नावाच्या लघुग्रहाच्या मागे राहिलेल्या कणांचा आहे. हे कण सेकंदाला पस्तीस किलोमीटरने येतात. उल्कांमध्ये ही चाल मध्यम, म्हणून रेघ डोळ्यांना सापडते. तासाला शंभराच्या वरचा आकडा छापून येतो, तो आदर्श काळ्या आकाशाचा. शेतातून तासाला तीस-चाळीस दिसल्या तरी समाधान माना.

अडचण भरताच्या आगीची आहे. वांगी कपाशीच्या काड्यांवरच भाजा, त्याशिवाय ती चव नाही, पण जेवण उरकलं की जाळ पूर्ण विझवा आणि शंभर पावलं लांब जाऊन सतरंज्या टाका. डोळे अंधाराला सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि एकाने मोबाईल पेटवला की सगळ्यांची वीस मिनिटं वाया. मिथुनेकडेच टक लावू नका, आडवे पडून जास्तीत जास्त आकाश डोळ्यांत घ्या. निघण्याआधी पंचांगात तिथी पाहा. शुद्ध पंचमीच्या आत असेल तर चंद्र लवकर मावळतो. पौर्णिमेच्या जवळ असेल तर फक्त ठळक उल्का दिसतील.

तोरणमाळ सुंदरच. अकराशे मीटरच्या वर आणि धुळीच्या थरापासून लांब. पण घाटाचा रस्ता रात्री उतरू नका, मुक्काम करा. नाहीतर शहरापासून वीस-पंचवीस किलोमीटरवरचं कुठलंही शेत पुरे.

१८-१९ नोव्हेंबर २००१ च्या रात्री लिओनिड्सचा मोठा वर्षाव होता. मध्यरात्रीनंतरच्या एका तासात मी लॉगशीटच्या समासात एकेका उल्केला एक रेघ मारत गेलो आणि समास संपला. सकाळी साहेबांनी विचारलं, ह्या रेघा कसल्या? मी सांगितलं. त्यांनी शीट हातात धरून सगळ्या रेघा मोजल्या आणि म्हणाले, पुढच्या वेळी मला उठवा.

प्रश्न : आजोबा, मी नववीत आहे. मंगळवारी संध्याकाळी ७ वाजून १२ मिनिटांनी वायव्येकडून एक ठळक चांदणी निघाली, लुकलुकत नव्हती, आवाज नव्हता. डोक्यावरून आग्नेयेकडे गेली आणि चार मिनिटांनी, क्षितिज गाठायच्या आधीच, लाल होऊन विझली. ती पडली का? (विद्यार्थिनी, नवापूर)

बेटा, पडली नाही. तुझी नोंद इतकी नेटकी आहे की मला काही विचारावंच लागलं नाही. ते आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक, चारशे किलोमीटरवरून ताशी अठ्ठावीस हजार किलोमीटर वेगाने जाणारं. ते मध्येच विझलं, कारण पूर्वेकडे जाता जाता पृथ्वीच्या सावलीत शिरलं. लाल झालं, कारण सावलीत शिरताना त्याच्यावर पडलेलं शेवटचं ऊन पृथ्वीच्या हवेच्या कडेतून गाळून आलेलं होतं. त्याच्या आत बसलेल्या माणसांनी त्या क्षणी सूर्यास्त पाहिला असणार. त्यांना दर दीड तासाला एक दिसतो. येत्या काही संध्याकाळी ते पुन्हा दिसू शकेल. या वेळी विझण्याची वेळ सेकंदासकट लिही आणि तेव्हा ते कोणत्या ताऱ्याजवळ होतं तेही लिहून पाठव.